वेग हवा, पण उष्णतेचा हिशेब?

आजच्या युगाला वेगाचे वेड लागले आहे, हे वाक्य महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांतून इतक्या वेळा छापून आले आहे की ते वाचताना आता कुणी थांबत नाही. परंतु हा वेग येतो कशातून आणि त्याची किंमत मोजतो कोण, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. गेले वर्षभर मी हा प्रश्न एका अगदी लहान वस्तूच्या निमित्ताने विचारते आहे. ती वस्तू म्हणजे संगणकाचा प्रोसेसर. कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला अधिक वेगाने पळविणे, याला 'ओव्हरक्लॉकिंग' असे म्हणतात. कला शाखेत मराठी आणि अर्थशास्त्र घेतलेल्या मुलीला ही उठाठेव कशाला, असे काही मित्र-मैत्रिणींनी मला विचारले. त्यांना दिलेले उत्तर येथे जरा सविस्तर मांडते.

प्रथम ही गोष्ट आहे तरी काय, ते पाहू. भजनात टाळाच्या ठेक्यावर सगळे गातात, तसा प्रोसेसरच्या आतही एक ठेका अखंड चालू असतो आणि त्या ठेक्यावर सारी आकडेमोड होते. मूळ ठेका बहुधा १०० मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोक्यांचा असतो. त्याला एका गुणकाने गुणले जाते. गुणक ३६ असेल तर वेग ३.६ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ३६० कोटी ठोके! हा गुणक किंवा मूळ ठेका वाढविणे म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग. लय वाढविली की भजन द्रुत होते. पण गाणाऱ्यांचा दम कुठवर पुरेल, हेही पाहावे लागते.

ही विद्या मुळात गरिबाची आहे, हे वाचून मला मोठा आनंद झाला. १९९८ साली इंटेलने 'सेलेरॉन ३०० ए' नावाचा एक स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा मूळ ठेका ६६ मेगाहर्ट्‌झ आणि गुणक साडेचार, वेग ३००. लोकांनी तो ठेका ६६ वरून १०० वर नेला आणि वेग झाला ४५०. कमी पैशांत महागड्या प्रोसेसरच्या तोडीचे काम होऊ लागले! आज मात्र चित्र उलटे आहे. इंटेलचे ज्यांच्या नावापुढे 'के' हे अक्षर असते ते प्रोसेसर प्रामुख्याने गुणकाला मोकळे असतात. त्यांना मदरबोर्डही वेगळा आणि महाग लागतो. माझ्याकडे आहे तो एका कार्यालयाने विकून टाकलेला जुना संगणक. त्याचा गुणक कुलूपबंद आहे. म्हणजे ज्याला वेगाची खरी गरज, त्याच्याच दाराला कुलूप!

आता किंमतीकडे वळू. वेग वाढविला की प्रोसेसर अडखळू लागतो. त्याला स्थिर ठेवण्यासाठी विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवावा लागतो. येथेच खरी मेख आहे. प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के आणि दाब दहा टक्के वाढविला, तर वीज दहा टक्के नव्हे, जवळजवळ तेहतीस टक्के जास्त लागते. आणि ही सारी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. भल्याभल्यांना ही भिंत ओलांडता आली नाही. चार गिगाहर्ट्‌झचा पेन्टियम ४ आणण्याची घोषणा केलेल्या इंटेलने २००४ साली तो बेत सोडून दिला आणि पुढे एकाच प्रोसेसरमध्ये दोन-दोन, चार-चार गाभे बसविण्याचा मार्ग धरला.

उष्णतेला वाट लागते, हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला दुसऱ्या कुणी सांगायला नको. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला पाणी मिळाले नाही तर ते जाम होते, हे माझ्या वडिलांना प्रोसेसर न पाहताही ठाऊक आहे. आपल्या परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राचेच पाहा. तेव्हा ११३० मेगावॅट क्षमतेचे असलेले हे केंद्र २०१३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०१५ साली बंद पडले, ते पाण्याअभावी. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरले नव्हते. टर्बाइन फिरवून आलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करायचे, तर थंडावा देणारे पाणी हवेच. एवढा अजस्र कारखाना. पण उष्णतेला वाट राहिली नाही, तेव्हा त्याला थांबावे लागले. प्रोसेसर नखाएवढा असला तरी त्याचा न्याय हाच.

गेल्या दिवाळीत पुण्याला मावशीकडे असताना हे सारे मी प्रत्यक्ष पाहिले. मावसभाऊ चाकणला नोकरी करतो. त्याच्याकडे 'रायझन ५ ३६००' हा प्रोसेसर आहे आणि त्याचा गुणक मोकळा आहे. आम्ही आधी काहीच वाढविले नाही. संगणक नुसता बसला असताना तापमान किती आणि पूर्ण कामाला जुंपल्यावर किती, एवढेच वहीत लिहिले. मग एक-एक पायरी वर गेलो. प्रत्येक पायरीवर अर्धा तास संगणकाला राबविले, तापमान लिहिले, आणि न अडखळता चालला तरच पुढची पायरी चढलो. दाबाला हात अगदी शेवटी, आणि तोही अगदी थोडा. अखेर सगळे गाभे ४.२ गिगाहर्ट्‌झवर स्थिर झाले. एका चित्रफितीचे रूपांतर जे दहा मिनिटांत होत होते, ते साडेनऊ मिनिटांत होऊ लागले. तापमान मात्र ७४ वरून ८८ अंशांवर गेले. वेळ वाचला पाच टक्के, उष्णता वाढली चौदा अंश!

भाऊ खूश होता. माझ्या मनात मात्र आपल्या गावाचा वैशाख आला. पंखा कितीही चांगला असला तरी तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. दिवाळीत पुण्याच्या त्या खोलीत २५ अंश होते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ वर जातो. सतरा अंशांचा हा फरक ८८ मध्ये मिळविला तर १०५ होतात, आणि या प्रोसेसरची मर्यादा आहे ९५. म्हणजे पुण्यात दिवाळीला जमलेली गोष्ट बीडला वैशाखात जमणार नाही. प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपणहून वेग कमी करील आणि वाढविलेला वेग तेथेच संपेल. त्यात आमची धूळ आणि विजेचा लपंडाव वेगळाच. म्हणून नवशिक्यांना माझे सांगणे असे की, यंत्राची मर्यादा ठरवायची ती त्याच्या सर्वांत वाईट दिवसावरून, सर्वांत चांगल्या दिवसावरून नव्हे. माझ्या कुलूपबंद संगणकात मी आतली धूळ काढली, प्रोसेसरवरचा वाळलेला थर्मल पेस्ट पुसून नवा लावला, आणि तेवढ्यानेच दुपारी त्याचे अडखळणे थांबले.

हा हिशेब चुकविणे मोठ्या कंपन्यांनाही परवडत नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर, कुणी वाढीव वेग दिलेला नसतानाही, अवचित बंद पडू लागले. गरजेपेक्षा अधिक दाब मागितला जाऊन ते आतून झिजत होते, हे २०२४ साली कंपनीला मान्य करावे लागले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवून द्यावी लागली. याउलट आपल्या पुण्याचे उदाहरण घ्या. १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक सुरू झाली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. तेथे एकाच प्रोसेसरला चाबकाने पळविलेले नव्हते. अनेक साध्या प्रोसेसरांना एकत्र जुंपून काम वाटून दिले होते. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्यासारख्या खेड्यातून आलेल्या माणसाने हे घडविले, ही गोष्ट आपण विसरू नये.

वाचकहो, एवढे लिहिल्यावर मला एक गोष्ट टाळता येत नाही. माझे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ मिळूनही तोडणीचा दर टनामागे चारशे रुपयांच्या आतच राहिला. एक दिवस खाडा झाला तर दंड. कारखान्याचे गाळप अखंड चालू राहावे म्हणून कोयत्याचा वेग वाढतो. त्या वेगाची उष्णता जाते कुठे? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आपल्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली होती. प्रोसेसर तापला तर आपोआप मंदावतो, कारण त्याच्यात तशी सोय करून ठेवली आहे. माणसाच्या कामात ही सोय कुणी ठेवली आहे काय? वेग वाढला अशी बातमी ऐकली की, उष्णता कुणाच्या अंगावर गेली, हा प्रश्न मला आता आपोआप पडतो.

मग या फंदात पडूच नये काय? माझे मत नेमके उलट आहे. मर्यादा काय असते ते हात लावल्यावाचून कळत नाही. मी शिकले त्या शाळेत संगणक होते. पण त्यांच्यावर कापड आणि खोलीला कुलूप. 'हात लावू नका, बिघडेल' हे वाक्य आम्ही इतके ऐकले की बिघडणे म्हणजे पाप, असेच वाटू लागले. शहरातल्या मुलाच्या हातून एक प्रोसेसर गेला तर घरात कुरकुर होते आणि दुसरा येतो. आमच्या घरी तो कोयत्याच्या पैशांतून आलेला असतो. म्हणून आमच्यातली पुष्कळ हुशार मुले-मुली आयुष्यभर यंत्राची बटणे तेवढी दाबतात. झाकण कधी उघडत नाहीत. चूक करून पाहण्याची ऐपत नसणे, हेसुद्धा एक दारिद्र्यच आहे आणि पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ते पदोपदी जाणवते.

यास्तव प्राध्यापक मंडळींना माझी नम्र विनंती आहे. महाविद्यालयाने भंगारात काढावयाच्या संगणकांपैकी दोन तरी विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावेत, आणि त्यांतला एक गुणक मोकळा असलेला मिळाला तर फारच उत्तम. शाखा कुठलीही असो, ज्याला हवे त्याने झाकण उघडावे, धूळ काढावी, एक-एक पायरी वेग वाढवून पाहावा. अट एकच असावी: शेजारी वही ठेवावी आणि वेगाच्या आकड्यासमोर उष्णतेचा आकडा लिहिल्याशिवाय पुढची पायरी चढू नये. संगणक बिघडला तर बिघडू द्यावा. तो नाही तरी भंगारातच जाणार होता. पण वहीत दोन्ही रकाने भरण्याची सवय लागलेले विद्यार्थी या महाविद्यालयातून बाहेर पडले, तर ते उद्या कारखान्यात, कचेरीत किंवा कारभारात जेथे जातील तेथे दुसऱ्या रकान्याची चौकशी केल्याशिवाय राहणार नाहीत.