आधी माणसे, मग भिंती

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान कोसळले आणि डॉ. होमी भाभा यांची प्राणज्योत अवघ्या ५६ व्या वर्षी मालवली. त्यांच्या स्मृतिदिनी ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांचा गौरव होतो. तो यथोचितच होय. परंतु भट्ट्या म्हणजे भाभा नव्हेत.

१२ मार्च १९४४ रोजी, म्हणजे हिरोशिमाच्या संहारापूर्वी जवळजवळ दीड वर्ष, भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीस एक पत्र लिहिले. काही दशकांत अणुशक्तीपासून वीज निघू लागेल, त्या वेळी हिंदुस्थानला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये. ते घरीच सिद्ध असावेत, हा त्याचा आशय. हाती भट्टी नाही, देशाला स्वातंत्र्य नाही. आणि हा ३४ वर्षांचा शास्त्रज्ञ मागतो काय, तर माणसे घडविणारी संस्था! १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ भट्टी सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी ट्रॉम्बेत तरुणांसाठी प्रशिक्षण विद्यालय उघडले.

भाभांचे सर्वच हिशेब बरोबर आले असे नाही. वीजनिर्मितीविषयीचे त्यांचे अंदाज फार आशावादी ठरले. आजही देशाच्या विजेत अणुशक्तीचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच आहे. अणुविज्ञान प्रथम विद्यापीठांत रुजवावे, हा डॉ. मेघनाद साहा यांचा आग्रहही दुर्लक्षिला गेला. संशोधन निवडक संस्थांत बहरले आणि विद्यापीठांच्या वाट्याला बहुतांशी परीक्षाच उरल्या. साहांचे म्हणणे सर्वस्वी खरे नसेल, पण ते खोटेही ठरलेले नाही.

म्हणूनच भाभांचा वारसा मेगावॅटने मोजू नये. योग्य माणूस हेरावा, त्याच्यावर विश्वास टाकावा आणि त्याच्याभोवती संस्था वाढवावी, हे त्यांचे सूत्र होते. आम्ही नेमके उलट करतो. आधी कोनशिला बसवितो, मग इमारत उभारतो आणि अखेरीस अध्यापकाच्या जागेची जाहिरातही काढीत नाही! विज्ञान महाविद्यालयांतील प्रयोगशाळांची आजची कळा आमच्या वाचकांस अपरिचित नाही.

भाभांच्या प्रतिमेस हार घालणाऱ्या राज्यकर्त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे : विद्यापीठांतील रिकाम्या जागा भरा. उद्याचा भाभा जन्मास घालणे कोणाच्याही हाती नाही; तो जन्मला तर त्याला शिकविणारा गुरू वर्गात असावा, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.