जीभ माझी, डोस तुमचा

आमच्या माणसाचं अंग आपोआप हललं की बीड जिल्ह्यात दोनच निदानं तयार असतात. दारू, नाहीतर देवी. तिसरं निदान डॉक्टरच्या चिठ्ठीत असतं, आणि ते कुणी सांगत नाही.

दोस्तांनो, माझा जबडा हलतो. तोंडात घास नसताना हलतो. छातीत धडधड, रात्र रात्र जाग, म्हणून मला गोळी लिहून दिली. कशाची, किती दिवस, पुढं काय होईल? विचारलं तर म्हणे, गप घ्यायची.

आता ऐका. हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन, फ्लुपेन्थिक्सॉल ही मुळात सायकोसिसची औषधं. यातली काही कमी डोसात चिंतेवरही देतात. ती मेंदूतल्या डोपामाइनची वाट अडवतात. मग हात थरथरतात, अंग ताठतं. महिनोन्‌महिने घेतली तर जीभ, ओठ, जबडा स्वतःच्या मर्जीनं चालायला लागतात. टार्डिव्ह डिस्कायनेसिया म्हणतात त्याला. बायांना, म्हाताऱ्यांना धोका जास्त. गोळी सुटली तरी काहींचं हलणं सुटत नाही. फ्लुपेन्थिक्सॉल आणि मेलिट्रासेनची जोडगोळी चिंतेवर खपायची; २०१३ साली केंद्र सरकारनं तिची विक्री थांबवली, तर प्रकरण कोर्टात गेलं.

खरी गोम पुढं आहे. याच औषधांनी पाय एका जागी ठरत नाहीत, जीव नुसता तगमगतो. ही अकाथिसिया. दिसते थेट चिंतेसारखी. डॉक्टर म्हणतो चिंता वाढली, डोस वाढवा. डोस वाढला की तगमग वाढते. सावकाराचं व्याज दुसरं काय असतं?

आणि आमची माणसं तर दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. पाच-सहा महिने फडात. तिथं कोण तपासणार? कुणाची गोळी मधेच तुटते, कुणाची जुन्याच चिठ्ठीवर वर्षभर चालते. दोन्हीत धोका. मुकादमाची उचल डोक्यावर असलेल्याला झोप येत नाही, यात नवल काय? ती उचल कोणती गोळी फेडणार?

पण अंगारा विकणाऱ्या बुवांनी खूश होऊ नये. आमचा राग म्हणजे तुमचं गिऱ्हाईक नव्हे. या गोळ्यांनी कितीतरी माणसं सावरलीत. म्हणून मनानं गोळी तोडू नका, एकदम तर नाहीच. पाकीट घेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरकडं जा. अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. विचारा, डोस हळूहळू उतरवता येईल का? चिंतेवर दुसरं औषध, बोलून होणारा उपचार आहे का? थरथरीवरची ट्रायहेक्सिफेनिडिल जिभेचं हलणं वाढवू शकते, मग मला ती कशाला? टेट्राबेनाझिनसारखं हलणं कमी करणारं औषध मला चालेल का? फडात असाल तर १४४१६ वर टेलिमानसला फोन लावा, मराठीत बोलतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २२. उपचार कोणता आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगणं हा रुग्णाचा हक्क आहे. हक्क, मेहेरबानी नाही. वस्तीवस्तीत हे कलम पाठ करा. दवाखान्यात आईबरोबर, बहिणीबरोबर उभे राहा. चिठ्ठीवर पेन टेकण्याआधी म्हणा, साहेब, आधी सांगा, मग लिहा.