इंजिनखालचा तेलाचा डाग

पनवेलहून तळोजा एमआयडीसीत मोटारसायकलने पाळीला जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. सकाळी गाडीखाली तेलाचा डाग दिसला की पोटात गोळा येतो. इंजिन उघडायचे म्हटले तर महिन्याचे गणितच कोलमडते. पण बहुधा एवढे मोठे दुखणे नसते.

डाग पडतो तिथेच गळती असते असे नाही. तेल वरून ओघळते, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जाते. म्हणून इंजिन थंड असताना डिझेलच्या फडक्याने स्वच्छ पुसून कोरडे करावे. मग अंगाला लावायची पावडर भुरभुरावी, छोटी फेरी मारावी आणि खाली वर्तमानपत्र पसरून पाहावे. पावडर सगळ्यात वर जिथे ओली झाली, तेथून तेल येते.

स्प्लेंडरसारख्या गाडीत टॅपेटची झाकणे आणि तळाचा ड्रेन बोल्ट आधी पाहावा. झाकणाची ओ-रिंग, बोल्टचा वॉशर थोड्या पैशांत मिळतो. वॉशर तेलबदलीच्या वेळीच घालावा. बोल्ट मात्र जोर लावून आवळू नका. केसिंग ॲल्युमिनियमचे, आटे गेले की खरा खर्च लागतो. साखळीजवळचे सील गळत असेल तर मेकॅनिकलाच दाखवा.

तेल मोजताना गाडी डबल स्टँडवर सरळ हवी, काडी आटे न फिरवता नुसती टेकवावी. वरच्या खुणेपलीकडे तेल भरू नये. मागच्या टायरवर तेल उतरले असेल तर त्या दिवशी एसटीने जावे. काढलेले तेल डब्यात भरून गॅरेजला द्या, गटारात नको; ते पुढे गाढी नदीत जाते.