हिरवं कार्ड मिळालं, पण पाण्यातलं फ्लोराइड कोण मोजणार?

यवतमाळ : पावसाळा आला की ग्रामपंचायतींच्या पाण्याची चर्चा लाल, पिवळं की हिरवं कार्ड, एवढ्यावरच येऊन थांबते. हिरवं कार्ड मिळालं म्हणजे पाणी शुद्ध, असा गावात समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

हे कार्ड देताना विहीर-हातपंपाभोवतीची घाण, पाइपलाइनची गळती आणि टीसीएल पावडरचा साठा मुख्यतः पाहिला जातो. त्यातून जुलाब, कावीळ अशा साथीचा धोका कळतो. फ्लोराइड आणि नायट्रेट मात्र त्यात दिसत नाहीत. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, चवही बदलत नाही. टीसीएलने जंतू मरतात, पण हे क्षार जात नाहीत. उकळलं तर पाणी आटतं अन् क्षाराचं प्रमाण उलट वाढतं.

भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. त्यापुढे वर्षानुवर्षे प्यायल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात, मोठ्यांची हाडं-सांधे आखडतात. पांढरकवडा, झरी जामणी भागाला हा त्रास नवा नाही. नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे आणि त्यात सूट नाही. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका जास्त. युरिया, शेणखताचे उकिरडे आणि शौचखड्डे यांतून ते झिरपतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातले सुमारे 35 टक्के नमुने या मर्यादेबाहेर निघाले.

तपासणीची सोय नाही असं नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किटचं प्रशिक्षण द्यायचं आहे. किटमध्ये रंग जुळवून अंदाज येतो. शंका आली की नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी. तीही प्रत्येक स्रोताची वेगळी, कारण एका बोअरला फ्लोराइड जास्त आणि शेजारच्या उघड्या विहिरीला कमी, असं होतं.

खरी अडचण पुढेच आहे. अहवाल येतो अन् फायलीत जातो. ज्या बाईने त्याच हातपंपावरून हंडा भरला, तिला आकडा कळत नाही. म्हणून येत्या ग्रामसभेत कार्डाचा रंग विचारून थांबू नये. कोणत्या बोअरला फ्लोराइड किती, नायट्रेट किती, हे वाचून दाखवायला सांगावं आणि तेच आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून घ्यावेत. स्रोत बदलायची मागणी करायची तर हातात आधी आकडा पाहिजे.