औषध मेंदूत पोचेल; दाभोशात कधी?

अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली ज्या स्मृतिभ्रंशाचे वर्णन केले, त्याची गती रोखणारे औषध शतकभर सापडले नाही. याचे एक कारण निसर्गानेच करून ठेवले आहे. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशींचा तट इतका अभेद्य असतो की, रक्तातून येणारी बहुतेक औषधे वेशीवरूनच माघारी फिरतात. अमेरिकेने २०२३ साली मान्यता दिलेल्या लेकॅनेमॅबचाही अल्पांशच आत शिरतो. आणि त्याने रोग बरा होत नाही, केवळ मंदावतो.

म्हणूनच औषधाला वाट दाखविण्याची विद्या आता आकारास येत आहे. ध्वनिलहरींनी हा तट काही काळ सैल करण्याचा अमेरिकेतील प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण अवघे तीन होते, पण फळ आशादायक होते. बडोद्याच्या संशोधकांनी २००८ साली टॅक्रिन हे औषध नाकावाटे उंदरांच्या मेंदूत पोचविल्याचे दाखविले. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही हळदीतील कर्क्युमिनवर असेच काम झाले. या तपश्चर्येचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

परंतु मेंदूचा तट फोडणाऱ्यांना जव्हारचा घाट ओलांडता येणार आहे काय? दाभोशाचा धबधबा पाहावयास शहरवासी हौसेने जातात. त्याच दाभोशातील एखादा वृद्ध वारली घरची वाट विसरू लागला, तर 'म्हातारपण आले' असे म्हणण्यापलीकडे घरच्यांच्या हाती काय आहे? ही नवी औषधे रोगाच्या आरंभीच उपयोगी पडतात. त्यांच्यासाठी मेंदूच्या प्रतिमा वारंवार काढाव्या लागतात, कारण सूज व रक्तस्राव यांचे भय असते. ज्याचे निदानच झाले नाही, त्याला औषध सापडले काय आणि न सापडले काय, सारखेच!

१९९२ साली वावर-वांगणीची बालके दगावली तेव्हा सरकारला जाग आली. वृद्धांचा विस्मृतीत होणारा अस्त असा आक्रोश करीत नाही, म्हणून तो उपेक्षणीय ठरत नाही. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात ठरलेल्या दिवशी स्मृतिचिकित्सा व्हावी; आशा सेविकांना आरंभीची लक्षणे ओळखावयास शिकवावे; आणि निरक्षराला लेखनाच्या कसोटीवर नापास न करणारी, वारली बोलीतील चाचणी सिद्ध करावी. यांपैकी कशासाठीही नव्या शोधाची वाट पाहावयाची नाही. सरकारने मनात आणले, तर हे काम उद्याच सुरू होईल.