सिनेटर साहेब, तुमची चिंता पोहोचली

गाझाबद्दलच्या बातम्यांमधला सगळ्यात गुळगुळीत शब्द म्हणजे 'चिंता'. अमेरिकेचे सिनेटर चिंता व्यक्त करतात, तीव्र चिंता व्यक्त करतात, अगदीच झालं तर व्यथित होतात. जणू काही हे फुटपाथवर उभे राहून अपघात बघतायत. अहो, पण गाडीत पेट्रोल कोण भरतंय? २०१६च्या करारानुसार इस्रायलला १० वर्षांत ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत द्यायचं ठरलंय, आणि तो पैसा मंजूर करणारे हात यांचेच. (माझे बरेच बॅचमेट तिकडे टॅक्स भरतात, म्हणजे चमचाभर पेट्रोल त्यांचंही.)

म्हणून मी यांची स्टेटमेंट्स वाचणं सोडलंय. मतदानाचे आकडे वाचतो.

१६ जानेवारी २०२४. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार तोवर २४ हजारांहून जास्त माणसं मेली होती. बर्नी सँडर्स यांनी सिनेटमध्ये एक ठराव आणला. शस्त्रं थांबवा, असं त्यात नव्हतं. आपल्या शस्त्रांनी मानवी हक्कांचं उल्लंघन होतंय का, याचा अहवाल परराष्ट्र खात्यानं ३० दिवसांत द्यावा, एवढंच. अमेरिकेच्याच कायद्यात तशी तरतूद आहे. अहवाल आला नाही, तरच मदत अडली असती. सिनेटनं तो ७२ विरुद्ध ११ मतांनी बाजूला सारला. आमच्याकडे सर्व्हर कोसळल्यावर कुणी 'लॉग उघडूच नका' म्हणालं, तर पहिला संशय त्याच्यावरच येतो.

यावर ठरलेला प्रश्न येतो: ७ ऑक्टोबर विसरलात का? नाही विसरलो. हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. ते अमानुषच होतं. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं ४१२ विरुद्ध १० मतांनी हमासचा निषेध केला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

त्याच जानेवारीत इस्रायलनं आरोप केला की पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचे, म्हणजे उनर्वाचे, १२ कर्मचारी त्या हल्ल्यात सामील होते. आरोप गंभीरच. पण एकट्या गाझात या संस्थेचे तेव्हा सुमारे १३ हजार कर्मचारी होते. चौकशी पूर्ण व्हायच्या आधीच, मार्चमध्ये, काँग्रेसनं कायदा करून संस्थेचा निधी वर्षभरासाठी बंद केला. म्हणजे पैसा कसा अडवायचा, हे यांना व्यवस्थित येतं. १२ जणांवरच्या आरोपासाठी पिठाची गोणी अडवता येते, पण २४ हजार मृतांसाठी साधा अहवाल मागता येत नाही.

एप्रिलमध्ये इस्रायलसाठीचं सुमारे २६ अब्ज डॉलरचं पॅकेज प्रतिनिधिगृहात ३६६ विरुद्ध ५८ मतांनी पास झालं. त्यात मानवतावादी मदतीचे सुमारे ९ अब्ज होते, हेही सांगायला हवं. बॉम्ब आणि बँडेज एकाच बिलात.

जुलै २०२५मध्ये, गाझातल्या उपाशी मुलांचे फोटो जगभर फिरत असताना, इस्रायली पोलिसांना रायफली विकू नका या सँडर्स यांच्या ठरावाला २७ मतं मिळाली. आदल्या नोव्हेंबरात शस्त्रविक्रीविरुद्धच्या त्यांच्या एकाही ठरावाला २० मतं पडली नव्हती. विरोधात ७०. ती नावं सिनेटच्या वेबसाइटवर आहेत, फोनवरही उघडतात. त्यातल्या कुणी कुणी त्याच महिन्यात चिंता व्यक्त केली होती, तेही शोधून बघा.