इंग्रजीच्या तासाला तोंड उघडू द्या

परवा एका नवख्या शिक्षिका-भगिनीचे पत्र आले. नुकतीच नेमणूक झाली आहे. खेड्यातील दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. त्या लिहितात, "मी स्वतः मराठी शाळेत शिकले. इंग्रजीचा तास जवळ आला की माझ्याच पोटात गोळा येतो. मुले धडा माझ्यामागून म्हणतात, पण काही विचारले की खाली बघतात. काय करावे?"

पत्र वाचून मला माझे दिवस आठवले. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू होई. पहिल्याच महिन्यात मी 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणालो. वर्ग हसला, त्याचे काही वाटले नाही. पण मास्तरही हसले. त्यानंतर दहावीपर्यंत मी त्या तासाला तोंड उघडले नाही. पाठांतर करून परीक्षा पास झालो. पुढे पहिल्या मुलाखतीत उत्तर ठाऊक असूनही ते इंग्रजीत सांगता आले नाही आणि ती नोकरी हातची गेली.

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झाले, हे चांगले झाले. परंतु ज्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही आणि शिकवणीला पैसे नाहीत, त्या घरच्या मुलाला शाळेतला तो एक तास म्हणजेच सर्व काही. तो तास केवळ माना डोलावण्यात गेला तर त्याची भरपाई कोण करणार? म्हणून या भगिनीसाठी, आणि तिच्यासारख्या सर्व नव्या शिक्षक-शिक्षिकांसाठी, खडू-फळ्यावर भागतील असे काही खेळ येथे देत आहे.

पहिला नियम असा की, चुकलेल्याला कोणी हसायचे नाही. गुरुजींनी तर मुळीच नाही. मूल 'इस्कूल' म्हणाले तर आपण पुढच्या वाक्यात 'स्कूल' हा शब्द नीट म्हणावा. मूल ऐकते आणि हळूहळू सुधारते.

आता सुरुवात कोठून करावी? मुलांच्या तोंडात आधीच असलेल्या शब्दांपासून. बस, तिकीट, रेशन, सायकल, बॅट, डॉक्टर, बटण, स्टेशन. पहिल्या दिवशी मुलांना सांगा, "घरात, बाजारात ऐकलेले इंग्रजी शब्द सांगा." बघता बघता फळा भरून जाईल. "मला इंग्रजी येत नाही" असे म्हणणाऱ्या मुलाला आपल्याला निम्मा फळा येतो हे दिसले, की त्याची अर्धी भीती तिथेच जाते. लहान वर्गाने या शब्दांची चित्रे काढावीत, मोठ्या वर्गाने प्रत्येक शब्दाचे एक वाक्य करावे.

दुसरा खेळ आपल्या सर्वांच्या ओळखीचा, 'शिवाजी म्हणतो'. "शिवाजी म्हणतो, स्टँड अप" म्हटले तर उभे राहायचे. नुसते "स्टँड अप" म्हटले तर हलायचे नाही. मुलाला बोलावे लागत नाही, ऐकून अंगाने उत्तर द्यावे लागते. म्हणून लाजरी मुलेही यात रमतात. पहिलीला 'टच युअर नोज' पुरे. चौथीला दोन कामे एकदम द्या, 'टेक युअर पेन अँड पुट इट अंडर युअर बुक.' सातवी-आठवीत हुकूम मुलांनीच द्यावेत. एक काळजी मात्र घ्यावी. चुकलेल्याला बाद करू नका. कच्चे मूल सर्वांत आधी बाद होते आणि ज्याला सरावाची गरज, तेच कोपऱ्यात बसून राहते. बाद करण्याऐवजी त्याला पुढचा हुकूम द्यायला लावा.

तिसरा खेळ खड्याचा. आपण मराठीत 'डब्याखाली' म्हणतो, म्हणजे 'डबा' आधी आणि 'खाली' मागून. इंग्रजीत उलट, 'अंडर द बॉक्स'. क्रियापदाचेही तसेच. मराठीत ते वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ. आपली मुले अडखळतात ती इथे. त्यात बुद्धीचा प्रश्न नाही. एका मुलाला बाहेर पाठवा, खडा लपवा. आत आल्यावर त्याने विचारायचे, 'इज इट अंडर द बॉक्स?' वर्गाने 'येस' किंवा 'नो' म्हणायचे. दहा मिनिटांत तेच वाक्य वीस वेळा तोंडातून जाते आणि कंटाळा येत नाही.

चौथा, पुसत जाणारा फळा. चार ओळी लिहा आणि सर्वांनी वाचा. एक शब्द पुसा, पुन्हा वाचा. आणखी एक पुसा. शेवटी फळा कोरा होतो आणि ओळी मुलांच्या डोक्यात राहतात. साठ मुलांच्या वर्गातही हे चालते.

पाचवा थोड्या मोठ्या मुलांसाठी. एन. एस. प्रभू या भाषातज्ज्ञांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास भागांतील काही साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरण घोकून घेण्याऐवजी त्यांनी मुलांना कामे दिली, उदाहरणार्थ रेल्वेचे वेळापत्रक पाहून प्रश्न सोडवणे. आधी असेच एक काम शिक्षकाने सगळ्या वर्गाबरोबर तोंडी करायचे, मग तशाच दुसऱ्या कामाला मुलांनी एकट्याने भिडायचे. आपण एस.टी.चे वेळापत्रक घ्यावे. कोणती गाडी लवकर पोहोचते? दहाची चुकली तर पुढची केव्हा? मूल उत्तर शोधण्यात गुंतते आणि त्या नादात भाषा वापरते. वर्ग हुशार असेल तर अर्धे वेळापत्रक एकाला, अर्धे दुसऱ्याला द्यावे आणि एकमेकांना विचारून ते पूर्ण करायला सांगावे.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. नव्या शिक्षकाला शंभर खेळ लागत नाहीत. पाच खेळ पक्के येत असले आणि ते वाकवता आले, तर वर्ष निघते. पहिलीसाठी शब्द, चौथीसाठी वाक्य, आठवीसाठी संभाषण, खेळ तोच. दोन इयत्ता एकत्र बसत असतील तर मोठ्यांनी विचारावे, लहानांनी उत्तर द्यावे. वर्ग मोठा असेल तर जोड्या कराव्यात, म्हणजे एका वेळी एकच मूल न बोलता अर्धा वर्ग बोलतो. गोंगाट होईल. होऊ द्यावा. भाषेच्या तासाला शांतता हे शिस्तीचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

आता ताईंच्या पोटातील गोळ्याविषयी. आपल्याला सगळे इंग्रजी आले पाहिजे, असे नाही. उद्याच्या तासाला लागणारी सहा वाक्ये आज रात्री मोठ्याने म्हणून ठेवावीत. एखादा शब्द अडला तर मुलांसमोरच शब्दकोश उघडावा. बाईही शोधतात, हे पाहिलेले मूल विचारायला घाबरत नाही. आणि अवघड गोष्ट मराठीतून समजावली तर त्यात कमीपणा मानू नये. मुलाची मराठी ही त्याची पहिली शिदोरी आहे.

घरच्या आयाबायांनाही एक विनंती. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी संध्याकाळी भाकरी करताना मुलाला म्हणावे, "आज शिकलेली दोन वाक्ये मला शिकव." शिकवणारा दोनदा शिकतो. आणि ते बोलताना चुकले, तर हसू नका. एवढे एक सांभाळले, तरी उद्या मुलाखतीच्या खोलीत त्याचे तोंड बंद राहणार नाही.